आंब्याच्या आकाराचं चुंबक

युनूसभाईंनी फोनवर आधीच बजावलं होतं:
मालकाला सांगा, आम्ही येईस्तोवर चालू करायची नाही.
गरम इंजिन पाहुण्यांशी
गोडच बोलतं.

म्हणून सकाळी सातला, लोकमान्य नगरात,
मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला,
तापातल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.
गार होतं.
रेठरेकर काका बनियनवर शर्ट चढवत म्हणाले,
"रात्रीपासून हात लावला नाही. चहा घेणार?"

चहा नंतर.
युनूसभाई गाडीखाली गेले, बाहेर नुसत्या चपला.
मी पर्समधून यादी काढली,
किराण्याच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेली:
टायरवर कोरलेला आठवडा आणि साल.
तेलाच्या झाकणाखाली साय धरलीय का, बघणं.
गालिचा उचलून नाक लावणं.
सातही पट्टे शेवटच्या वितीपर्यंत ओढणं,
पुराचा गाळ तिथेच राहतो
जिथे कुणी ओढून बघत नाही.

गाळ नव्हता.
मधल्या सीटच्या रुळात लवंगेची शेव निघाली,
कुठल्या तरी सहलीची, अजून कुरकुरीत,
आणि जिरावनाचा वास.
यादीत त्याला रकाना नव्हता.

मीटरवर एक्केचाळीस हजार.
"मीटर घुमा सकते हैं, बाई," गाडीखालून आवाज,
"पेडल का रबर देखो."
मी वाकून अंगठ्याने चाचपलं. रेघा शाबूत.

काका तोवर मला विचारत होते.
चालवणार कोण? मी.
सासूबाईंचे गुडघे? मग पायरी बसवून घ्या, उंच आहे.
उन्हात उभी राहणार की शेड आहे?
सिमरोलचा घाट गिअरवर उतरता, की ब्रेकवर?
गिअरवर, म्हटलं,
आणि नकळत पदर सारखा केला.

"एकदाही कुठे ठोकली नाही."
हे ते तिसऱ्यांदा म्हणाले
तेव्हा मी रुमालातून फ्रिजवरचं चुंबक काढलं,
आंब्याच्या आकाराचं, देठाशी टवका उडालेलं.
चालकाचं दार: चिकटलं.
बॉनेट: चिकटलं.
डावं मागचं दार:
आंबा घसरला, फरशीवर पडला.
पुन्हा लावला. पुन्हा पडला.

चपलांमागून अख्खे युनूसभाई बाहेर आले.
काका गेटकडे बघत राहिले.

"मी ठोकली."
स्वयंपाकघराच्या दारात काकू, हात ओले.
"ह्या खांबाला. सहा वर्षं झाली.
त्यानंतर मी किल्ली उचलली नाही,
आणि ह्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलीलासुद्धा."
"विचारलं होतं कुणी?" काका पुटपुटले.

युनूसभाईंनी दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं.
"चमडी गई है, हड्डी ठीक है.
पण पंधरा हजार कमी करा."
काका दहा म्हणाले.
मी खाली वाकून आंबा शोधत बसले, फार वेळ.
बारावर मिटलं. मग चहा.

बायपासवर काकांचा हात
सारखा रेडिओकडे जायचा.
"बंद रहने दो, अंकल. गाडी को बोलने दो."
गाडी फारसं बोलली नाही.
फक्त गतिरोधकावर, मागून कुठून तरी,
टिण्.
युनूसभाईंनी मान तिरकी केली. बुश नाही, शॉकअप नाही.
कशाचं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

कागद होऊन नावावर यायला सव्वा महिना लागला.
परवा पंक्चर झालं, जॅक काढायला
तिसऱ्या रांगेमागचं झाकण उघडलं, तर
स्टीलची वाटी.
काठावर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव:
सौ. कुमुदिनी रेठरेकर, १२-५-८४.

घासून ठेवलीय ओट्यावर.
रिकामी तर परत करता येत नाही.
उद्या श्रीखंड करावं म्हणते,
आणि सांगावं काकूंना,
घेऊन गाडीच आलेय, खाली उभी आहे,
किल्ली ही.